जळालेल्या अंकातली निळी खूण

या सदरातले अनुभव मी आजवर हसत हसत वाचत आलो, हे आधीच कबूल करतो. वाचून झालं की बायकोला म्हणायचो, यातल्या अर्ध्यांना झोप पुरत नाही आणि उरलेल्यांना काम नाही. आमच्या घरात बुद्धवंदना होते. अंगारेधुपारे, उतारे, 'बाहेरचं काही'... यातल्या कशालाही वडिलांनी उंबरा ओलांडू दिला नाही. त्यात मी सगळा जन्म विजेच्या कामात काढलेला. करंट डोळ्याला दिसत नाही, पण मीटर लावला की सापडतो. जे मीटरवर येत नाही ते नाहीच, असं मी मानत आलो. अजूनही मानतो. फक्त एक पान त्यात बसत नाही.

मी मूळचा पिंपळगाव राजाचा, खामगाव तालुका. आता बुलढाण्यात असतो, एका खासगी संस्थेत मुलांना वायरिंग शिकवतो. पण काम शिकलो ते गावात, रफिकचाचांच्या दुकानात. बसस्टँडजवळ दहा बाय आठची खोली, रेडिओ-टीव्ही दुरुस्ती. चाचांचं शिक्षण उर्दू चौथी. तरी खामगावच्या रद्दीवाल्याकडून ते एक इंग्रजी मासिक शोधून शोधून आणायचे — हौशी लोकांसाठीचं, इलेक्ट्रॉनिक्सचं, दर अंकात आठ-दहा सर्किटं. मजकूर मी वाचून दाखवायचो, सर्किट ते वाचायचे. म्हणायचे, "रेषेले काय इंग्रजी आन् काय उर्दू बे."

दुकानाचा एक नियम होता. मासिक टेबलावर उघडं ठेवायचं, आणि एकेक पार्ट डागला, म्हणजे सोल्डर केला, की छापील सर्किटमध्ये त्या पार्टवर पेन्सिलीने खूण करायची. पेन्सिल एकच, एका टोकाला लाल, दुसऱ्याला निळी. लाल चाचांची, निळी माझी. उद्या मशीन परत आली तर चूक कोणाच्या हाताची ते कळावं, एवढ्यासाठी.

बीटी कपाशीचं बियाणं येऊन पाच-सहा वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. पहिल्या हंगामांत गावात नव्या मोटरसायकली आल्या, मग एकेक वर्ष फसत गेलं, अळीसाठी औषधाचे फवारे पुन्हा सुरू झाले. उभं राहिलेलं झाड न् झाड राखायचं म्हणून लोक जिवावर उदार झालेले. त्यात रानडुकरं आणि रोही — म्हणजे नीलगायी — रातोरात वावर तुडवून जायच्या. मग जो तो झटका मशीन मागायला लागला. शेताभोवती तार, तारेत थांबून थांबून झटका. जनावर दचकून पळतं, मरत नाही. रेडिओ तोवर कोणी दुरुस्तीला आणत नव्हतं. झटका मशीनवरच चाचांचं दुकान तग धरून होतं.

त्या साली एका अंकात लांब कुंपणासाठी जास्त जोराच्या मशीनचं सर्किट आलं. गावातल्याच एकाच्या आठ एकराला आम्ही ती बनवली. मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो.

पऱ्हाटीची पहिली वेचणी सुरू झाली त्या दिवशी सकाळी गोदामाय गेली. आमच्याच वस्तीतली बाई, कापूस वेचायला सगळ्यांच्या आधी वावरात पोचायची. मालक मशीन बंद करायला विसरला होता. त्यानेही खरं तर काही बिघडायला नको होतं, झटका बसला असता आणि चार शिव्या देऊन ती बाजूला झाली असती. पण बाकीच्या बाया पोचल्या तेव्हा ती तारेलाच होती.

दोष काय होता ते तपासणीत निघालं. मेनची वीज आणि कुंपण यांच्यामध्ये एक ट्रान्सफॉर्मर असतो. त्याच्या दोन बाजू आतून एकमेकींना शिवत नाहीत, म्हणून घरातली वीज सरळ तारेत उतरत नाही. त्या जागी जुन्या व्होल्टेज स्टॅबिलायझरमधून काढलेला बसवला होता. दिसायला तसाच, व्होल्ट मोजले तर तितकेच... पण त्याच्या दोन्ही बाजू आत जोडलेल्या असतात. भंगारातून सामान काढून काम भागवणाऱ्या आमच्यासारख्यांनाच अशी चूक सुचते. शिकलेला इंजिनिअर नवीन विकत आणेल आणि सुटेल.

पोलीस दुकानात यायच्या आत चाचांनी स्टो पेटवला. मला म्हणाले, "सिद्दू, दारात उभा राह्य." आणि तो अंक त्यांनी पान पान फाडून जाळला. सर्किटचं पान सगळ्यात आधी. मी दारातून बघत होतो.

ट्रान्सफॉर्मर कोणी बसवला असं पोलिसांनी विचारलं. चाचा म्हणाले, मी. मला विचारलं. मी म्हणालो, चाचांनी. यात मी खोटं बोलत होतो असं मला तेव्हा वाटलं नाही, आणि नंतरही कधी वाटलं नाही. बारीकसारीक पार्ट मी डागले, जड काम चाचांनी केलं, असंच माझ्या डोळ्यांसमोर होतं. उलट मला त्यांचा संताप आला होता. बाई मेली आणि हा माणूस आधी पुरावा जाळतो! मी दुकान सोडलं, बोलणं सोडलं. खटला चालू असतानाच चाचा वारले. मी मातीला गेलो नाही.

ही झाली आधीची गोष्ट. आता पानाची सांगतो.

दोन वर्षांपूर्वी शिडीवरून पडून माझा पाय मोडला. महिनाभर पलंगावर. मोबाईलवर काहीबाही बघताना एका ऑनलाइन संग्रहात ते मासिक सापडलं — चाळीस वर्षांचे अंक, स्कॅन करून ठेवलेले, फुकट. मला अक्षरशः भरून आलं. तीच गुळगुळीत मुखपृष्ठं, पोस्टाने रेडिओ किट मागवायच्या जाहिराती, 'गेल्या अंकातली चूक दुरुस्ती' ही चौकट. आठ दिवस मी जेवतानाही मोबाईल सोडला नाही. बायको सुनंदा म्हणायची, पाय बरा झाला तरी तुम्ही काही उठत नाही आता.

त्या अंकाशी पोचायला मी मुद्दाम उशीर केला. शेवटी एका दुपारी डाउनलोड करून उघडला. पहिल्या पानावर दुसऱ्या राज्यातल्या कुठल्याशा कॉलेजच्या लायब्ररीचा शिक्का. पानं उलटत गेलो. सर्किटचं पान आलं.

त्यावर खुणा होत्या. लाल आणि निळ्या.

वरच्या कोपऱ्यात तपकिरी डाग होता. डागायची इस्त्री माझ्या हातून घरंगळली होती, त्याचा. त्या दिवशी चाचा बोललेले, "कागद जाळतं का दुकान जाळतं बे?" ट्रान्सफॉर्मरवरची खूण निळी होती. आणि बाजूला समासात, निळ्याच पेन्सिलीने, माझ्या अक्षरात: 'स्टॅबिलायझरमधला बसवला. चालतो.'

मी सुनंदाला हाक मारली. काही सांगितलं नाही, फक्त मोबाईल पुढे धरला. तिने पान मोठं केलं, समासातली ओळ मोठ्याने वाचली आणि विचारलं, "हे अक्षर तुमचंच हाय ना? पुस्तकात कसं काय आलं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तीच फाइल उघडली. पान कोरं. म्हणजे छापील सर्किट होतं, पण ना खूण, ना डाग, ना ओळ. शिक्का तोच, पानं तेवढीच, डाउनलोडची वेळही आदल्या दुपारचीच. पुन्हा डाउनलोड केली, कोरं. संग्रहवाल्यांना ईमेल केला. त्यांचं सभ्य उत्तर आलं की ही प्रत कधीही महाराष्ट्रात नव्हती आणि तिच्यावर काही लिहिलेलं नाही. पडून राहिल्याने डोकं फिरलं, मनातली टोचणी दिसली, असं मी आनंदाने मानलं असतं. पण ओळ वाचली सुनंदाने. आणि टोचणी म्हणाल तर मला नव्हतीच. मी पंधरा-वीस वर्षं चाचांना दोष देत मजेत जगत होतो.

खूण बघितली आणि सगळं आठवलं, असंही झालं नाही. अजूनही मला तो ट्रान्सफॉर्मर बसवताना माझे हात दिसत नाहीत. पण अक्षर माझं आहे.

पाय टेकता यायला लागला तसा चिखलीला गेलो. चाचांची मुलगी शमीम तिथे शिवणकाम करते. बाईला मारणाऱ्याची पोरगी म्हणून तिचं ठरलेलं लग्न मोडलं होतं, ते पुन्हा जमलंच नाही. मला बघून तिने मशीन थांबवली, स्टूल पुढे सरकवलं. मी सगळं सांगितलं. दाखवायला काहीच नव्हतं. मोबाईलवर कोरं पान, तेच दाखवलं.

तिने पानाकडे नीट बघितलंही नाही. म्हणाली, "अब्बाले माहीत होतं."

"काय?"

"तुमची खूण होती, भाई. म्हणून तर जाळलं. मले म्हणे, माह्यी उमर झाली, त्याची जिंदगी जाईन."

"मग तू काऊन नाही बोलली इतके वर्षं?"

"तुमी आलेच नाही." तिने पुन्हा कापड सुईखाली घातलं. मग म्हणाली, "मले सांगून काय फायदा? गोदामायच्या लतीले सांगा."

मी रडलो. तिने रडू दिलं. चहा केला नाही, आणि मला ते बरं वाटलं.

लताकडे, गोदामायच्या मुलीकडे, जायला मला त्यानंतर जवळजवळ दोन वर्षं लागली. दर महिन्याला काहीतरी निघायचं. परवा वेचणीच्या दिवसांत गेलो. ती दुसऱ्याच्या वावरात होती, कंबरेला ओटी बांधून, बोंडं उलटीपालटी करून बघत. अर्ध्याअधिक बोंडांत अळी. मी उभ्यानेच सांगितलं, चाचा नाही, मी. पान वगैरे काही सांगितलं नाही. त्याचा तिला काय उपयोग?

शिव्या देईल, ढेकूळ मारेल, असं वाटलं होतं. ती हात न थांबवता ऐकत राहिली. मग विचारलं, "तुमी करंटचंच काम करता ना अजून?"

"हाव."

"मंग सांगा. माय पटकन गेली का? का तिले समजून राह्यलं होतं?"

त्या पानाचं काय, हे मला कधीच कळणार नाही. कोणाला कळत असेल तर जरूर लिहा, मी हसणार नाही. पण लताच्या प्रश्नाचं उत्तर मला माहीत होतं. तशा तारेला चिकटलेल्या माणसाचं काय काय होतं, ते किती वेळ चालतं, हे मी दरवर्षी वर्गात शिकवतो.

"पटकन," मी म्हणालो.

तिने मान हलवली आणि पुढच्या झाडाकडे गेली.