चेडवाचो रंग

लाल रंगातलं माझ्याइतकं कळणारा माणूस मालवणपासून वेंगुर्ल्यापर्यंत दुसरा नव्हता. हे मीच सांगत फिरायचो, दुसऱ्या कोणी सांगितलेलं मला आठवत नाही.

तेव्हा नायलॉन आलं नव्हतं. जाळी सुताची, आणि सूत खाऱ्या पाण्यात कुजतं. म्हणून आयनाच्या झाडाची साल मोठ्या भाण्यात उकळायची आणि त्या लाल पाण्यात जाळी बुडवायची. थोडे दिवस समुद्रात फिरलं की जाळं फिकं पडायचं, की परत भाण्यात. कुठलं जाळं फिकं पडलं, कधी परत बुडवायचं, ते ठरवणारा मी. ओल्या जाळ्याच्या रंगावर जाऊ नका, हेही मी सगळ्यांना शिकवायचो. ओलं नेहमी गडद दिसतं. वाळूवर सुकू दे, मग बोल. शाळेत मी गेलो तो शाळेचं छप्पर शाकारायला, तेव्हा एवढीच काय ती माझी विद्या. पण तोरा बॅरिस्टरचा.

बायकोचं पहिलं बाळंतपण तिच्या माहेरी, शिरोड्याला झालं. मी बघायला गेलो तेव्हा पोर, आमच्या बोलीत चेडू, नुकतीच जन्मलेली, उकडलेल्या कुर्लीसारखी लालबुंद. परत येऊन अख्ख्या किनाऱ्याला सांगितलं, बापाचा हात लागलाय, रंग बघा कसा धरलाय.

"भाण्यात बुडवलंस काय रे तेका?" एकानं विचारलं. मला ते कौतुक वाटलं.

मग मासळीचे दिवस सुरू झाले आणि शिरोड्याला पुन्हा जाणं जमलं नाही. तिसऱ्या महिन्यात सासूबाई बायकोला आणि पोरीला घेऊन आल्या. मी दुपटं बाजूला केलं, तर आत सोललेल्या कोलंबीसारखं काहीतरी. तळवे फिके, नखं फिकी. अंगानं पोर चांगली गुटगुटीत होती, माझ्याकडे बघून हसलीसुद्धा. बायको म्हणाली, "बघा, बापाशीक वळाखता." मी हसणं बघतच नव्हतो. मी रंग बघत होतो.

"मामीनू," मी सासूबाईंना म्हटलं, "माझा चेडू लाल होता. ह्या पांढरा खंयसून हाडलात?"

"जावयानू, लहान पोरांचो रंग असोच उतरता. मागीर येता. तुमची बायलसुद्धा अशीच होती."

"म्हणान ती अजून फिकीच आसा."

हे मी हसवायला बोललो. बायको पोरीला घेऊन आत गेली. सासूबाईंनी पानाचा डबा उघडला आणि पान न लावताच मिटला.

रात्रभर मी हिशोब केला. पोर आईच्या दुधावर. दूध पांढरं. रोज उठून पांढऱ्यात भिजवलं तर लाल रंग टिकणार कसा? मला ते इतकं सरळ दिसलं, की एवढं कुणाला कसं कळलं नाही याचंच नवल वाटलं. सकाळी मी पोरीला उचललं, पडवीत मांडीवर घेऊन बसलो आणि कोकमाच्या आगळाची वाटी जवळ ओढली. आगळ म्हणजे रातांब्याचा मीठ घातलेला रस. त्याहून लाल आमच्या घरात दुसरं काही नव्हतं.

बायको पाजायला घ्यायला आली.

"आज दूद नको," मी म्हटलं. "आधी रंग धरू दे."

आगळात बोट बुडवून पोरीच्या तोंडात घातलं. तिनं तोंड असं वाकडं केलं की मला हसूच आलं. मग ती रडायला लागली. मी तिला खेळवत होतो, तोंडं करून दाखवत होतो, परत बोट घालत होतो. बायको दाराची चौकट धरून उभी. मधे दोनदा म्हणाली, "द्या माका तिका." मी दिलं नाही. पोर रडत होती आणि बायकोची चोळी पुढून भिजत चालली होती. ते मी बघितलं. बघून मान वळवली.

उन्हं वर आली तशी पोरीचा आवाज बसला. नुसतं तोंड उघडायची. सासूबाई मागच्या दारानं पाणी घेऊन आल्या, कळशी खाली ठेवली, आणि टोपलीतली मासळी उचलावी तसं माझ्या मांडीवरून पोरीला उचललं. "डाक्टराकडे चला," एवढंच बोलल्या आणि पुढं चालू लागल्या. मागून बायको, तिच्या मागून मी. वाटेत मी सांगत होतो की हेच बरं झालं, आता डॉक्टरच सांगेल दूध पातळ आहे म्हणून.

डॉक्टर घाटावरचे होते. "केव्हापासून रडतेय?" त्यांनी विचारलं. बायकोनं सांगितलं. सगळं सांगितलं, आगळासकट. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तिला म्हणाले, "पडद्यामागे जा, आधी पाज हिला. मग बघू."

पडद्यामागे रडणं एकदम थांबलं. मग घटाघटा आवाज यायला लागला. दवाखान्याच्या बाकावर बायका बसल्या होत्या, त्या पडद्याकडे बघत आणि मग माझ्याकडे. मी वरची कौलं मोजायचं नाटक केलं.

पोरीचं पोट भरल्यावर डॉक्टरांनी तिच्या टाचेला सुई टोचली. रक्ताचा थेंब टीपकागदावर घेतला, वाळू दिला, आणि खिडकीच्या उजेडात एका कार्डाशी लावून बघितला. त्या कार्डावर फिक्या गुलाबीपासून गडद लालपर्यंत पट्ट्या होत्या. माझ्या धंद्यातली गोष्ट, मला कुठं गप्प बसवतंय. वाकून म्हटलं, "फिको आसा, डाक्टरानू. वरच्या पट्टीक जायत नाय."

"बरोबर ओळखलंत," डॉक्टर म्हणाले. "आणि या वयात एवढंच असायला हवं."

मी गोंधळलो. ते सांगू लागले. पोटात असताना बाळाला स्वतःचा श्वास नसतो, आईच्या रक्तातून मिळेल तेवढ्यावर भागवायचं, म्हणून त्याचं रक्त दाट असतं. बाहेर आलं की छातीभर हवा मिळते. मग एवढं रक्त लागत नाही. शरीर नवं करायचं थोडं थांबतं, जुनं झिजत जातं, रंग उतरतो. "पुढे हाडं परत कामाला लागतात."

"हाडां?"

"रक्त हाडांच्या आत तयार होतं. तुमच्या थोड्याच हाडांत. हिच्या जवळजवळ सगळ्या."

"माशाचे काटे चोखण्यात माझो जल्म गेलो," मी म्हटलं, "एका काट्यात रगत गावला नाय."

बाकावरच्या बायका हसल्या. बायका हसल्या की माझं काही खरं नसतं. मी हात पुढं केला. "माझा काढा. बऱ्या माणसाचा रगत कसा असता ता हेंका दाखवा."

डॉक्टरांनी बोट टोचलं. कागदावर थेंब टपोरा, चकचकीत. "बघा," मी बाकाकडे वळून म्हटलं, "ह्येका म्हणतत लाल."

"थांबा," डॉक्टर म्हणाले. "अजून ओलं आहे. वाळू द्या."

हे वाक्य तर माझं होतं. वाळल्यावर थेंबाची चमक गेली, आणि खिडकीत धरला तर माझा थेंब पोरीच्या थेंबाच्या शेजारच्याच पट्टीवर.

"तिचं तिच्या वयाला पुरेसं आहे. तुमचं तुमच्या वयाला नाही. चढ चढताना धाप लागते?"

लागायची. ती मी विडीच्या नावावर खपवायचो.

"परसाकडे अनवाणी जाता?"

सगळ्या बाकासमोर काय सांगणार. मान हलवली. ओल्या मातीतून जंत पायात शिरतात, आतड्याला चिकटून रक्त पितात, हे त्यांनी मोठ्यानं समजावलं. मला जंताचं औषध दिलं, लोहाच्या गोळ्या दिल्या. पोरीला काही नाही. "हिला आईचं दूध. आणि तुमचं ते आगळ तुम्हीच प्या."

परतीच्या वाटेवर सासूबाई पोरीला घेऊन माझ्या पुढं चालत होत्या. बोलल्या असत्या तर मला काहीतरी उलट सुचलं असतं. दुसऱ्या दिवशी त्या शिरोड्याला गेल्या.

आणि मी काय केलं, तर किनाऱ्यावर जाऊन सगळं करून दाखवलं. पोरीचं वाकडं तोंड, माझं आगळातलं बोट, टीपकागद, पट्टी. लोक पोट धरून हसले. लग्नात, बारशात, भजनाला बसलो की कोणीतरी म्हणायचंच, रगताची गजाल सांग रे. मी प्रत्येक वेळी स्वतःला आणखी मूर्ख करायचो. स्वतःवर हसतोय म्हणजे फिटलं, असं मला वाटायचं.

एकदा घरी पाहुणे जेवायला बसले होते. बायको कढी वाढत होती. मी पोरीच्या वाकड्या तोंडापर्यंत आलो, तोंड करून दाखवलं, पाहुणे हसायला लागले. तिनं कढीचं भांडं खाली ठेवलं.

"ह्यात हसण्यासारखा काय आसा?" ती म्हणाली. "चेडू उपाशी होता."