काशीचा घास

सुलोचनाबाईंनी एकतीस वर्षं नाचणगावची लेकरं तोलली. अंगणवाडीच्या आढ्याला काटा टांगायचा, झोळीत लेकरू घालायचं, त्यानं हातपाय झाडत आकांत मांडायचा आणि त्या हेलकाव्यात काटा क्षणभर जिथे ठरेल तो आकडा पकडायचा. यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. निवृत्तीच्या सुमारास नवे काटे आले, तेव्हा जुना त्यांनी मागून घरी आणला.

"आता मले तोलतं का काय झोळीत?" त्यांचे यजमान रूपराव म्हणाले होते.

पाच वर्षं माळ्यावर पडलेला तो काटा या हिवाळ्यात खाली उतरला, तो एका मांजरीसाठी.

शेजारचे दत्तोपंत मास्तर एकटेच राहायचे. सोबतीला चौदा वर्षांची काशी. मास्तर गेले. मुलगा अभिराम नागपूरहून आला, तेरवी उरकली आणि घराला कुलूप लावून परतला. पाहुण्यांच्या गर्दीत मांजर कुठेतरी पळाली असेल, असं सगळ्यांनीच धरलं. कुलूप लागल्याच्या नवव्या दिवशी सुलोचनाबाई मास्तरांच्या भिंतीलगत वाळत घातलेली तूर गोळा करत होत्या, तर आतून आवाज आला. मांजरीचा म्हणावा असाही तो नव्हता, न उघडलेलं दार करकरावं तसा. अभिरामला फोन लावून विचारलं आणि रूपरावांनी मागच्या खिडकीचा गज वाकवून काशीला बाहेर काढलं. कोठीतल्या माठाच्या तळाशी पाणी होतं, त्यावर ती तगली होती.

झोळीत ठेवली तर ती ओरडली नाही, हलली नाही. काटा लगेच ठरला. दोन किलोला शंभर ग्रॅम कमी. इतका स्थिर काटा सुलोचनाबाईंनी उभ्या नोकरीत पाहिला नव्हता.

पण अशा जिवाचं काय करायचं हे त्यांना पाठ होतं. दर दोन तासांनी थोडंथोडं, पण कसदार. गाईच्या दुधात तूप, साखर, शेंगदाण्याचं वस्त्रगाळ कूट. काशी अधाशासारखी प्यायली. वाटी चाटूनपुसून म्याव केलं. सुलोचनाबाईंनी वर्ध्याला लेकीला फोन लावला.

"आई, मांजरीले साखर?" वर्षालीनं विचारलं.

"अवं, अशी किती लेकरं उभी केली म्या! तू पाह्य, पंधरा दिवसांत कशी गुटगुटीत होते ते."

तिसऱ्या दिवशी काशीला जुलाब लागले. पोट अन्न धरायला वेळ घेतं, लेकरांचंही असंच होतं, म्हणून सुलोचनाबाईंनी मीठ-साखरेचं पाणी सुरू केलं आणि दूधही चालू ठेवलं. पाचव्या दिवशी काट्यानं पावणेदोन किलोच्याही खाली मान टाकली, तेव्हा पिशवीत फडकं घालून त्यांनी तिला पुलगावला जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं.

धीरज डॉक्टर वयानं वर्षालीपेक्षा लहान. त्यानं काशीचं तोंड उघडून पाहिलं, पोट चाचपलं, रक्त घेतलं.

"दूध कोणी द्याले सांगतलं, मावशी?"

"कोणी नाई," सुलोचनाबाई म्हणाल्या. "मलेच ठाऊक होतं."

तो रागावला नाही. त्याचंच त्यांना जास्त लागलं. "हे लेकरू नाई, मावशी. म्हाताऱ्या मांजरीले दूध पचत नाई. हिचे दात गेले, किडन्या थकल्या. चिकन उकडा, पार मऊ करून चमचा-चमचा द्या. एकदम नका देऊ."

"वाचते ना?"

"खाल्लं तर पाहू."

सुलोचनाबाईंच्या घरात अंडंसुद्धा कधी आलं नव्हतं. त्यांनी मागच्या अंगणात तीन विटा मांडल्या, एक जुनं पातेलं वेगळं काढलं आणि नाकाला पदर लावून, तोंड फिरवून, काटकीनं ढवळत बसल्या. रूपराव दारात उभे राहून पाहत होते.

"तीस वर्षं मी धाब्यावर चोरून खाल्लं," ते म्हणाले, "आन् मांजरीले घरपोच!"

"मले सगळं ठाऊक होतं," त्या ढवळता ढवळता म्हणाल्या. "सरका तिकडं, वास लागते."

जुलाब थांबले. एका आठवड्यात शंभर ग्रॅम वजन वाढलं, तेव्हा त्या गल्लीभर सांगून आल्या. मग पुढच्या मंगळवारी काशीनं चमच्याकडून तोंड फिरवलं.

लेकरू भुकेनं रडतं तोवर भ्यायचं नसतं, हे त्या नव्या सेविकांना शिकवायच्या. घास समोर असून लेकरू तोंड फिरवतं, तेव्हा उठायचं आणि दवाखाना गाठायचा. त्यांनी दवाखाना गाठला. धीरजनं सलाईन दिलं, सुईविना सिरिंज हातात दिली आणि पातळ खाणं गालातून सोडायला शिकवलं. यापुढे दवाखान्याच्या हातातही काही नव्हतं.

काशीनं विरोध केला असता तर बरं झालं असतं. ती नुसती मान कलती करायची आणि खाणं दुसऱ्या बाजूनं गळायचं.

"पुरे कर आता," रूपराव म्हणाले. "वय झालं तिचं. मास्तर गेले, तिचंही मन उठलं."

"मग म्या काऊन काढली तिले?"

फोनवर वर्षाली समजावत होती, "आई, कुलूप अभिरामनं लावलं. तू काऊन सोताले लावून घेऊन राह्यली?"

"त्यानं उपाशी ठेवलं, वं. म्या तं खाऊ घालून..." त्यांनी फोन ठेवला.

आज सकाळपासून सिरिंजमधला एक थेंबही पोटात गेला नव्हता. दुपारी उन्हाचा पट्टा ओसरीवर आला, तसं सुलोचनाबाईंनी काशीला फडक्यासकट मांडीवर घेतलं. तिच्या अंगाला मांजरीचा नाही, औषधाचा वास येत होता. सिरिंज त्यांनी उचलली आणि तशीच खाली ठेवली. वाटीतल्या चिकनच्या कोमट पाण्यात स्वतःचं बोट बुडवलं आणि तिच्या नाकाखाली धरलं. ज्या वासापायी इतके दिवस नाकाला पदर लावला, तो आता बोटाला होता.

बराच वेळ काही झालं नाही. मग खरखरीत जीभ एकदा बोटावरून फिरली. थांबली. पुन्हा फिरली.

ही भूक होती, की ओळखीच्या हाताचं मन राखणं, हे सुलोचनाबाईंना कळेना. धीरजलाही ते सांगता आलं नसतं. त्यांनी पुन्हा बोट बुडवलं.

"किती गेलं?" आतून रूपरावांनी विचारलं.

"गेलं नाई," त्या म्हणाल्या. "चाटून राह्यली."

काशीनं डोळे मिटले. पोट हलत होतं, वरखाली. सुलोचनाबाईंनी बोट तसंच धरून ठेवलं.