लोहाराच्या ओटीवरचे विळे

दादा गेला तेव्हा आमच्या ओटीवर अकरा विळे पडून होते. लवकर पिकणारं हळवं भात पिवळं व्हायला लागलं होतं. कापणीच्या आधी आसपासच्या वाड्यांतले विळे आमच्याकडे दाते काढायला येतात, तसे ते आलेले. कुठल्याच मुठीवर नाव नव्हतं. एकीला निळी चिंधी, एक चुलीत जळून काळी पडलेली, एकीवर सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळलेला. कोणता विळा कुणाचा हे दादाला पाठ होतं. सकाळी चहा घेऊन तो भिंतीला टेकून बसला आणि बसल्या जागीच गेला. कप रिकामा होता. चहा पूर्ण पिऊन गेला, याचं मला अजूनही बरं वाटतं.

दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. कर्जत आणि खालापूर यांच्या मधल्या आमच्या गावात भट्टी त्याने चालवली, आणि मी शिकून कर्जतला हायस्कुलात मराठी शिकवायला लागलो. आता निवृत्त आहे. वडील मला कागदाचा लोहार म्हणायचे. दहावीच्या निकालाच्या दिवशीही तेच म्हणाले, पण तेव्हा पेढा हातावर ठेवून.

आमचं आडनाव लोहार. हे आडनाव कुठेही सापडतं. बँकेच्या रांगेत, दवाखान्याच्या पाटीवर, परीक्षेच्या बैठक क्रमांकांत. मी शिकवलेल्या जवळजवळ प्रत्येक तुकडीत एखादा लोहार असायचाच. लोक विचारायचे, तुमच्यातला का? बहुतेक वेळा नसायचा. मला यामागचं कारण फार उशिरा कळलं, आणि ते अगदी साधं आहे. प्रत्येक गावाला लोहाराचं एक घर लागायचं, आणि एकच पुरायचं. त्यामुळे आडनाव गावोगाव पसरलं, पण शेजारच्या गावातला लोहार आपला कुणी लागेलच असं नाही. कोशात पाहिलं तर लोहकाराचा लोहार झाला असं एका ओळीत दिलेलं आहे. आमच्या घरात मात्र ते आडनाव शाळेने आणलं. आजोबांना गावात आडनाव सांगायची कधी गरजच पडली नाही. वडिलांना शाळेत घातलं तेव्हा मास्तरांनी, बाप काय करतो, असं विचारलं आणि उत्तर आलं तेच दाखल्यावर लिहून टाकलं. पुढे चुलत्यांच्या घराने गावाच्या नावावरून आडनाव घेतलं. वडिलांनी बदललं नाही. मीही नाही. अर्ज, दाखले, पगारपत्रक, सगळीकडे मी लोहार म्हणून सही केली, आणि उभ्या आयुष्यात एक खिळाही घडवला नाही.

सुतकाचे दिवस मी गावीच काढले. भेटायला येणारी माणसं ओटीवर टेकत, विळ्यांकडे एकदा बघत आणि मग माझ्याकडे. गावचा लोहार संपला, असं एकाने म्हटलं. दुसरा म्हणाला, संपला कसा, हे आहेत की. मी मान खाली घातली. वहिनी आत जमिनीवर बसलेली असायची. तिच्याकडे बघून कुणी असं काही बोललं नाही.

पुतण्या, म्हणजे दादाचा मुलगा, मुंबईत कंपनीत आहे आणि शेलूला नव्या इमारतीत राहतो. पाचव्या दिवशी त्याने आणि मी मागच्या पडवीत बसून सगळं ठरवलं. तेरावं झालं की पुढच्या रविवारी तो टेंपो घेऊन येईल, वहिनी सामानासकट शेलूला जाईल. ऐरण, घण, सांडशी खोपोलीचा भंगारवाला नेईल. आमच्या ठरवण्यात वाईट काही नव्हतं. तिने त्रेसष्ट वर्षं पार केली होती, घर एकटं, गुडघे दुखरे. आम्ही तिला सांगितलं तेव्हा ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, बघू. आम्ही दोघांनी तो होकार धरला.

माझ्या डोक्यात राहिले ते विळे. लोकांची भातं उभी, आणि विळे लोहाराच्या ओटीवर अर्धवट. दादाने ते तापवून, बडवून, नरम करून ठेवले होते. दाते काढायचे आणि शेवटचं पाणी द्यायचं, म्हणजे लाल तापवून पाण्यात बुडवायचं, बाकी होतं. सातव्या दिवशी मी कर्जतच्या बाजारात जाऊन अकरा तयार विळे घेऊन आलो. कारखान्याचे, लाल मुठीचे, सगळे एकसारखे. जो आपला विळा मागायला येईल त्याला एक द्यायचा. लोक आले, संकोचाने घेऊन गेले. मला वाटलं, एक काम तरी नीट झालं.

नवव्या दिवशी डोंगराकडच्या ठाकरवाडीतली एक म्हातारी आली. अंगणातच उभी राहिली, काही मागितलं नाही. मी तिला नवा विळा दिला, ती गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती परत तिथेच उभी होती. उजव्या हाताच्या अंगठ्याला चिंधी, आणि विळा डाव्या हातात लांब धरलेला, जसं काही तो तिचा नव्हेच.

"भाऊ, इळा चांगला हाय," ती म्हणाली. "पर माज्या हाताचा नाय."

मी तो उलटासुलटा करून पाहिला. नवा कोरा, धारदार. मला त्यात काही खोट दिसेना. आतून वहिनीचा आवाज आला.

"भावजी, ती डावरी हाय."

मग वहिनीने बाहेर येऊन मला दाखवलं. विळ्याचे दाते पात्याच्या एकाच अंगाला काढलेले असतात, एका बाजूला कलते. उजव्या हातात धरला की ते भाताच्या बुडख्यात रुततात. डाव्या हातात धरला की सपाट अंग पुढे येतं, विळा दुसऱ्या हातात धरलेल्या भाताच्या चुडावरून घसरतो आणि थेट बोटावर येतो. मराठीचा मास्तर साठ वर्षं भात खात होता आणि त्याला हे माहीत नव्हतं. म्हातारीला सगळा जन्म सगळीकडे डावरी म्हणून चिडवलं असेल, पण तिच्या हाताचा विळा फक्त आमच्या ओटीवर व्हायचा.

ती म्हणाली, माळावरचं भात झुकलं आहे, घरात कापणारी ती एकटी, सून बाळंत झालेली. एवढं बोलून ती पायरीवर बसली. तिला घाई होती आणि तरीही ती बसली, हे मला जड गेलं.

वहिनीने ढिगातून एक विळा उचलला. शोधला नाही, सरळ उचलला. काळी पडलेली मूठ तीच. मग ती आतून छिन्नी आणि लहान हातोडी घेऊन आली आणि ओटीच्या कडेला, लाकडाच्या ओंडक्यावर पातं ठेवून बसली. मी म्हटलं, वहिनी, सुतक आहे.

"भट्टी कुठं पेटवते मी? दाते थंडच काढतात."

टक, टक, टक. एकेक ठोका, आणि दर ठोक्याला पातं केसभर पुढे. ती छिन्नी कुठे टेकते हे बघतही नव्हती, अंगठ्याच्या नखाने मागचा दाता चाचपत होती. पातं तिने उलट्या अंगाने धरलेलं होतं, डाव्या हातासाठी. मी जवळ जाऊन पाहिलं. दाते इतके सारखे होते की बोट फिरवल्यावर नुसती एक खरखर लागत होती. हे एका दिवसात येणारं काम नव्हे, हे माझ्यासारख्यालाही कळलं.

मी विचारलं, कधी शिकलात?

तिने काम थांबवलं नाही. हळूहळू सांगत गेली. दादाच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला त्याला सहा पावसाळे झाले. ऑपरेशनला तो घाबरायचा. घण उचलणारा माणूस सुईला भ्यायचा. लोकांसमोर तो घण मारायचा, फाळ, कुऱ्हाडी, पहारी, जे अंदाजाने होतं ते सगळं करायचा. बारीक काम दुपारी, दार लोटून, ती करायची. तिच्या माहेरीही भट्टीच होती, तिथे आईबरोबर तिने घण मारलेला होता. इथे आली ती पहिल्यापासून भाता ओढायला आणि घण मारायलाच. दाते काढायला मात्र दादानेच शिकवलं, डोळे पुरते जायच्या आत. आणि म्हणाला, कुणाला सांगू नको, लोक काम आणायचे थांबतील.

मला एक गोष्ट आठवली. मी सुट्टीत गावी आलो की भट्टीच्या दाराशी खुर्ची टाकून वाचत बसायचो. लोखंड तापत असायचं, दादा सांडशीत धरून उभा असायचा आणि वहिनी मागून म्हणायची, "आता." लगेच तो ते पाण्यात बुडवायचा. मला वाटायचं, हिला स्वयंपाकाची घाई आहे. पाणी द्यायचं ते लोखंडाचा रंग बघून. क्षणभर आधी दिलं तर पातं मऊ राहतं, क्षणभर उशिरा दिलं तर ठिसूळ होऊन मोडतं. रंग ती बघत होती. त्याच्या डोळ्यांचं काम तिने एका शब्दात केलं आणि मी समोर बसून पानं उलटत होतो.

पाणी दिल्याशिवाय विळा टिकणार नव्हता, आणि तेराव्यापर्यंत भट्टी पेटवायची नव्हती. म्हातारीला तिने चौदाव्या दिवशी सकाळी यायला सांगितलं. मग उरलेल्या दिवसांत, भेटायला येणाऱ्यांच्या देखत, ओटीवरच तिने बाकीच्या दहा विळ्यांचे दाते काढले. पहिल्या दिवशी माणसं लांबूनच बघून गेली. दुसऱ्या दिवशी एका म्हाताऱ्याने विळा हातात घेऊन पाहिला, दात्यांवरून अंगठा फिरवला आणि स्वतःचा कोयता आणायला घरी गेला.

तेरावं झालं, आणि पुतण्या त्याच रात्री शेलूला परत गेला. चौदाव्या दिवशी सकाळी तिने भट्टी पेटवली. खिडकीला गोणपाट लावलं, कारण रंग अंधारात कळतो. मला पंख्याशी बसवलं. कातडी भाता जाऊन हाताने फिरवायचा लोखंडी पंखा येऊन खूप वर्षं झाली, तरी घरात त्याला भाताच म्हणतात. मी हळू फिरवला.

"भावजी, पुस्तक वाचताय काय? जोरात."

मी जोरात फिरवला, आणि ट्यूब गुंडाळलेल्या विळ्याचं टोक चांदण्या उडवत जळलं. तिने ते बाहेर काढून माझ्याकडे बघितलं, छिन्नीने जळकं टोक उडवलं आणि म्हणाली की हा आता गवताला होईल, मालकिणीला तुम्हीच सांगा. मी सांगितलं. ती बाई खूप हसली. पुढच्या विळ्यांना मी वहिनीच्या हातवाऱ्याकडे बघून पंखा फिरवला. पातं डाळिंबाच्या दाण्यासारखं लाल झालं की ती स्वतःशीच "आता" म्हणायची आणि स्वतःच बुडवायची. पहिल्या दोन वेळा तो शब्द उच्चारल्यावर तिचा हात किंचित थांबला. तिसऱ्या वेळी थांबला नाही.

ठाकरवाडीची म्हातारी आपला विळा घेऊन डाव्या हाताने हवेत एक वार करून बघत गेली. बाकीचेही आपापले विळे घेऊन गेले. म्हातारी सोडली तर बाजारातले लाल मुठीचे विळे कुणी परत केले नाहीत. ते आता बऱ्याच घरांत नारळाच्या झावळ्या तासतात.

रविवारी पुतण्या टेंपो घेऊन आला. अंगणात पाचसहा माणसं बसलेली होती आणि आत त्याची आई घण घेऊन उभी होती. तो दारातच थांबला. मग त्याने हळू आवाजात बरंच काही सांगितलं. खोली रंगवून घेतली आहे, लिफ्ट आहे, दवाखाना जवळ आहे. खरं होतं सगळं. वहिनीने ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"लोक म्हणतील, आईला एकटं टाकलं," तो म्हणाला.

"लोक इळे घेऊन येतील," ती म्हणाली. "श्रावणात येईन मी. तवा काम नसतं. चार दिस ऱ्हाईन."

त्याने माझ्याकडे बघितलं. पाचव्या दिवशी पडवीत मी त्याच्या बाजूने होतो. मी म्हटलं, दर रविवारी मी कर्जतहून येत जाईन, पंखा फिरवायला. वहिनी म्हणाली, हे आले नाहीत तरी चालेल, कोळसा कमी जळेल. बसलेली माणसं हसली, पुतण्याही हसला, आणि मग त्याला रडू आलं. बाप गेल्यापासून तो आमच्यासमोर पहिल्यांदाच रडला. वहिनीने घण खाली ठेवला आणि काळ्या हातानेच त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

टेंपोवाला एवढा वेळ बाहेर बिडी ओढत होता. सामान यायचं नाही हे कळल्यावर तो आत आला आणि चाचरत म्हणाला, मावशी, टेंपोच्या मागच्या फाळक्याची कडी वाकली आहे, सुतळीने बांधून चालवतोय, बघता का. तिने कडी काढून आणायला सांगितली. मी पंख्याशी बसलो. तिने ती तापवली, चार ठोक्यांत सरळ केली, पाण्यात बुडवली. टेंपोवाल्याने ती बसवून फाळका दोनदा उघडून लावून बघितला.

पुतण्या पुढच्या सीटवर बसला. म्हणाला, आई, पुढच्या महिन्यात येतो.

"ये रं," वहिनी म्हणाली. "येताना कोळशाचं पोतं टाक गाडीत."

मग ती आत वळली. अंगणातला पहिला माणूस आपली कुऱ्हाड घेऊन उठला होता.