आत्याचा कौल आणि माझं पत्रक

बातमी आली तेव्हा मी हैदराबादेत बेगम बाजारामागच्या छापखान्यात एका पत्रकाचं प्रूफ तपासत उभा होतो. कुणाचा तरी निषेध होता. कुणाचा, ते आता आठवतही नाही. मशीनवरचे इस्माईलभाई बाहेरून आले, त्यांनी आधी मशीन थांबवलं आणि मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मियाँ, घर कू जाओ. तुम्हारे फूफी गुजर गये." चालू छपाईत मशीन थांबवणारा हा माणूस नव्हे. तेवढ्यावरून मला कळायला हवं होतं, पण मी वेड्यासारखा म्हणालो, "हे एवढं पान होऊ द्या..." दोन दिवसांच्या तापानं माझी आत्या गेली, आणि ती गेली त्या घटकेला मी एका अनुस्वारावर खूण करत होतो.

आत्या म्हणजे सुशीलाबाई. नल्लकुंट्याच्या सरकारी मुलींच्या शाळेत मराठीचा वर्ग चालवणाऱ्या. त्या बाजूच्या निम्म्या मराठी घरांत तिच्या हाताखाली शिकलेली एक तरी बाई सापडेल. महिन्याभरापूर्वी तिची शोकसभा झाली. तीत एक गृहस्थ म्हणाले, "बाई फार भाबड्या होत्या. देवभोळ्या. देवीला विचारल्याशिवाय पाऊल उचलत नसत." सभेनं माना डोलावल्या. मी मागच्या रांगेत होतो. उठून बोललो असतो तर सभा मोडली असती, आणि तसा माझा लौकिक आहेच. म्हणून तेव्हा गप्प बसलो. आता लिहितो आहे.

ती देवीला विचारायची, हे खरं. तिच्या भाड्याच्या दोन खोल्यांपैकी आतल्या खोलीत, भिंतीतल्या कोनाड्यात, वीतभर पितळी देवी होती. काही ठरवायचं असलं की आत्या अंघोळ करून तगरीची दोन ओली फुलं देवीच्या दोन खांद्यांना चिकटवायची, डोळे मिटायची, मनातल्या मनात प्रश्न विचारायची आणि वाट बघत बसायची. उजवं फूल आधी पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. कधी घटकाभरात निकाल लागे, कधी शाळेला उशीर व्हायची वेळ येई. मी शिकायला तिच्याकडे राहायला आलो तेव्हा चौदा वर्षांचा होतो आणि सगळं जग मला नुकतंच समजलेलं होतं. कोनाड्याकडे पाठ करून जेवायचो. ती फक्त माझं ताट कोनाड्याकडे फिरवून ठेवायची.

शिवणयंत्र घ्यावं असं एकदा तिच्या फार मनात होतं. वर्षभर तिनं तो विषय घोळवला, मग विचारलं. डावं फूल पडलं. संपलं. त्यानंतर सगळी वर्षं तिनं हातानं शिवलं. मी चिडवायचो, "आत्या, देवीला यंत्रांचा काय राग आहे?" ती सुई ओवता ओवता म्हणायची, "तिला कशाचा राग नाही आणि तिला मला काही विकायचंही नाही. तू मात्र रोज काही तरी विकायला येतोस. काल संप विकत होतास."

"पण तुला यंत्र हवं होतं ना?"

"हौ, हवं होतं की. म्हणूनच तर विचारलं. मला काय हवंय ते मला ठाऊकच असतं, वसंता. दरवेळी माझंच ऐकत बसले तर मी फार वाईट बाई होईन."

तेव्हा मी हसलो होतो.

एक गोष्ट मात्र लहानपणापासून ऐकत आलो होतो. लग्नानंतर वर्षातच ती विधवा होऊन माहेरी आली. तेव्हा आमच्या गावात अशा बाईनं स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर कशाची इच्छा धरू नये असा कायदाच होता. लिहिलेला नव्हता एवढंच. तिनं देवीला विचारलं, मास्तरणीच्या ट्रेनिंगला जाऊ का. उजवं फूल पडलं आणि ती थेट माझ्या वडिलांसमोर जाऊन उभी राहिली. "दादा, मी हैदराबादला जाणार." वडील म्हणाले, कुणाला विचारून? "तुमच्यापेक्षा थोरल्या माणसाला विचारून." वडील कुणाला न जुमानणारे, पण देवीशी वाद कसा घालणार? पुढे निजामाच्या अमलात तिनं उर्दूतून परीक्षा दिल्या आणि मराठी शिकवलं. भाबडी बाई हे करते काय?

मग हैदराबाद राज्याचे तीन तुकडे करायचं ठरलं. मराठवाडा मुंबई राज्यात, कानडी मुलूख म्हैसुरात, आणि हैदराबाद शहर आंध्रात. सरकारी नोकरांना अर्ज भरून द्यायचा होता: जाणार की राहणार? मी तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा कामाचा माणूस झालो. दिवसाला एक पत्रक लिहीत होतो. मराठी माणसानं मराठी राज्यात जावं, इथं राहून परका होऊ नये, एवढंच मला कळत होतं आणि ते मी सगळ्यांना ओरडून सांगत होतो. आत्यालाही सांगितलं. तिला सांगायची गरज नव्हती खरं तर. भाऊ, म्हणजे माझे वडील, परभणीला, तिकडे मुख्याध्यापिकेची जागा मिळण्याची खात्री, आणि आयुष्यभर जी भाषा शिकवली ती रस्त्यावर ऐकू येण्याचं सुख... ती आतून निघालेलीच होती. परभणीच्या घरात चूल कुठं मांडायची इथपर्यंत तिचं ठरलं होतं.

एका सकाळी मी दारात चपला घालत होतो आणि आत फुलं लावून ती बसली होती. उजवं फूल पडलेलं मी डोळ्यांनी पाहिलं. तिनं हात जोडले. डोळे भरून वाहत होते. मी काही विचारलं नाही. विचारायचं होतं काय? जायचं होतं, होकार आला, आनंदानं रडते आहे. तडक छापखान्यात गेलो. देवाला न मानणाऱ्या, कोनाड्याकडे पाठ करून जेवणाऱ्या मी पत्रकाला मथळा दिला: 'देवीचाही कौल: चला मराठवाड्यात'. खाली लिहिलं की सुशीलाबाईंना कौल मिळाला, त्या निघाल्या, आता तुम्ही कशाची वाट पाहता? इस्माईलभाई मथळा जुळवताना म्हणाले, "फूफी कू पूछे क्या?" मी म्हणालो, "देवीकू पूछे ना." माझी मलाच कोटी आवडली.

दुपारपर्यंत पत्रक घरोघर गेलं. संध्याकाळी ती शाळेतून आली तेव्हा पत्रक तिच्या हातात होतं. चिडलेली नव्हती. चपलाही तिनं नेहमीसारख्या जागेवर काढल्या. "वसंता, मी देवीला काय विचारलं ते तुला कुणी सांगितलं?"

मी पत्रक घ्यायला हात पुढे केला. तिनं ते सोडलं नाही.

"मी विचारलं, इथंच राहू का? मुलींच्या आया येऊन गेल्या काल. बाई, तुम्ही गेलात तर वर्ग बंद, म्हणाल्या. आमचे घरवाले दुकानांत आहेत, सरकारी नाहीत, आम्हाला कुठला अर्ज? ...त्यांना काय उत्तर देऊ ते कळेना, म्हणून विचारलं."

"पण तुला जायचं होतं."

"हौ. फार जायचं होतं." मग पत्रकाची घडी घालून, "चल. चपला घाल."

त्या संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशी ती मला दारोदार घेऊन गेली. प्रत्येक दारात ती आधी बोलायची नाही, मला पुढे करायची. मी म्हणायचो, "पत्रकात छापलंय ते खोटं आहे. आत्या राहणार आहे." आजवर हजार माणसांसमोर बोललो असेन, पण एवढी दोन वाक्यं कधी जड गेली नव्हती. एका घरी सचिवालयातल्या कारकुनाच्या बायकोनं आम्हाला दारातच धरलं. "बाई, आमच्या ह्यांनी तुमच्याकडे बघून जायची सही केली. आता तुम्ही राहता? आम्ही काय करायचं?" मला वाटलं आत्या म्हणेल, पोराची चूक आहे. तिनं तसं म्हटलं नाही. "चूक आमच्या घरातली आहे, म्हणून आले. पण मला मिळालेला कौल माझ्यापुरता. जाण्यात वाईट काही नाही. तुम्ही तुमचा अर्ज परत मागा, देवीसमोर बसा, नाहीतर दोघं समोरासमोर बसा, आणि तुमचं तुम्ही ठरवा. माझ्या फुलावर तुमचा संसार नक्को." त्या कारकुनानं अर्ज खरंच परत मागून घेतला, आठ दिवसांनी पुन्हा भरला आणि मराठवाड्यातच गेला. स्टेशनवर आत्या त्यांना पोचवायला गेली होती, लाडवांचा डबा घेऊन.

परत येताना मी तिला विचारलं, "डावं फूल पडलं असतं तर?"

"तर गेले असते. त्या बायांना तोंड दाखवायची लाज वाटली असती, पण गेले असते."

"म्हणजे वर्गाचं काय व्हायचं ते एका तगरीच्या फुलावर?"

"तुझ्या मथळ्यावर होण्यापेक्षा बरं की." ही बाई भाबडी! मला पत्रकं लिहायला शिकवणाऱ्या एकाही पुढाऱ्यानं स्वतःच्या इच्छेविरुद्ध गेलेलं उत्तर असं मुकाट्यानं अंगावर घेतलेलं मी पाहिलेलं नाही. ते सगळे जनतेला विचारतात, आणि जनता नेहमी त्यांच्या मनातलंच बोलते. आत्याची देवी कधी कधी तिच्या मनाविरुद्ध बोलायची, आणि आत्या ते ऐकायची.

राहण्याची किंमत तिनं पुरेपूर दिली. तिच्याहून धाकट्या बाई वरच्या जागेवर बसल्या. नव्या राज्यात तेलुगूची परीक्षा आली. पन्नाशीतली ही बाई शेजारच्या दुसरीतल्या मुलीकडून अक्षरं काढून घेऊन गिरवायची आणि चुकली की त्या मुलीकडून रागावून घ्यायची. मी मात्र तत्त्व म्हणून तेलुगूचं अक्षर शिकलो नाही. आणि मराठवाड्यातही गेलो नाही. ती राहिली म्हणून राहिलो असं सांगत फिरतो. खरं म्हणजे तिच्या हातचं जेवण सोडवलं नाही.

तिच्या तेराव्यानंतर शाळेत तिचं कपाट रिकामं करायला गेलो. बाई नाहीत, तेव्हा मराठीचा वर्ग बंद होणार असं कचेरीतून कळलंच होतं. ओसरीच्या टोकाची तिची खोली उघडी होती आणि मुली सतरंजीवर बसून धडा वाचत होत्या. त्यांतली थोरली, कमल, उभी राहिली आणि तिनं मला एक अर्ज दिला. आम्हाला मराठीच्या बाई द्या, असा. खाली सगळ्यांच्या सह्या. मी सवयीनं पेन्सिल काढली. सुरुवात फार मवाळ होती. 'अन्याय' हा शब्द कुठंच नव्हता.

"दादा, नक्को," कमल म्हणाली. "बाईंनी वाचलाय. ताप आला होता ना, आम्ही घरी गेलतो. बाई बोलल्या, मी नसले की हे लोक वर्ग बंद करतील, तुम्ही अर्ज लिहा."

"आणि देवीला विचारलं का तिनं? अर्ज द्यावा की नाही?"

"आम्ही बोललो, बाई, फुलं आणू का? तर रागावल्या. बोलल्या, ह्याच्यात देवीला काय विचारायचं? बसा, लिहा."

मी पेन्सिल खिशात घातली. अर्ज आहे तसा कचेरीत नेऊन दिला, पोच घेतली. उत्तर अजून आलेलं नाही. वर्ग रोज भरतो. थोरल्या धाकट्यांना शिकवतात, थोरल्यांना मी दुपारी तासभर शिकवतो आणि त्या माझ्या चुका काढतात. गेल्या आठवड्यात शिपाई खोलीला कुलूप लावायला आला होता, कमल सांगत होती. भला माणूस आहे, दारातच घुटमळला.

"मग तुम्ही काय केलंत?" मी विचारलं.

"काही नाही. त्याला बोललो, लावा कुलूप. आम्ही आत आहोत."