मामांची गाळणी

"थांब, मी गाळून सांगतो."

असं म्हणायचं, डोळे मिटायचे, एक आवंढा गिळायचा आणि मग साहेबांकडे वळायचं. आमच्या मंडल कार्यालयाच्या चपराशाची ही रीत. सगळी पंचक्रोशी त्यांना मामा म्हणायची. नेमणूक चपराशाची, काम मात्र दुभाष्याचं. कार्यालय आंध्रातलं, म्हणून साहेब नेहमी तेलुगू, आणि येणारे लोक आमच्या सीमेवरच्या गावांतले, कापूस-ज्वारीवाले, मराठीशिवाय दुसरं काही बोलायचं म्हटलं की घाम फुटणारे. मी तिथला कारकून. मला दोन्ही भाषा यायच्या, पण मामांसमोर तोंड उघडायची माझी छाती नव्हती.

एकदा एक म्हातारा विहिरीच्या नोंदीसाठी पाचव्यांदा आला. साहेबांकडे बोट दाखवून म्हणाला, "इचारा याले, माह्या विहिरीचा कागद काय उबवून राह्यला का?"

मामांनी आवंढा गिळला आणि तेलुगूत सांगितलं, "हा म्हणतो, आपल्यासारखा साहेब या भागाला आजवर लाभला नाही. कागदाचं तेवढं पाहावं."

साहेब खूश. म्हणाले, "या रेड्याला बाहेर काढ. सोमवारी बघू."

मामा म्हाताऱ्याकडे वळले. "साहेब म्हणते, बाबा, उनाचे आले, पानी प्या. सोमवारी या."

म्हाताराही खूश. मी रजिस्टरमध्ये डोकं खुपसून हसू दाबत होतो. सरकार चालतं ते अशा माणसांच्या जिवावर, असं माझं तेव्हा मत होतं. आजही आहे.

नव्वद सालाच्या पुढेमागे कधीतरी मामा बिघडू लागले. तुम्ही म्हणाल, विसरायला लागले असतील. तिथंच तर आम्ही सगळे फसलो. जुन्या तहसिलीतली कुठल्या गावची मिसल, म्हणजे फाईल, कोणत्या कपाटात आहे, हे त्यांना कधीही विचारावं, उत्तर तयार. बिघडलं ते वेगळंच. चहा करायला गेले की स्टोव्ह पेटवायचे, पातेल्यात साखर टाकायचे, पत्ती टाकायचे आणि जळक्या साखरेकडे बघत उभे राहायचे. "मामा, पानी?" म्हटलं की "हो की!" म्हणून हसायचे. हसायला लागले की थांबायचे नाहीत. एकदा तर हसता हसता रडले, आणि कशासाठी ते त्यांनाही सांगता येईना.

सकाळी विचारलेल्या गोष्टीचं उत्तर जेवणाच्या डब्यापर्यंत यायचं. यायचं ते बरोबरच, पण तोवर प्रश्न विचारणारा आपल्या गावी पोचलेला असायचा. चालताना पाय उचलायचेच नाहीत, जमिनीला घासत इवली इवली पावलं टाकायचे. लघवीची मात्र भारी घाई व्हायची. ही घाई आणि ती चाल यांचा मेळ कसा बसणार? पायजमा काय तो सांगायचा. ऑफिसात यावर विनोद झाले. त्यांतले दोन तरी माझे होते, हे कबूल करतो.

त्याच सुमारास बेल्लमपल्लीकडचे नवे साहेब आले. आल्याच्या दुसऱ्या आठवड्यात एक भाजीवाला माळी पुढ्यात येऊन चिडून म्हणाला, "हा सायेब नुसती खुर्ची गरम करून राह्यला." मामांनी डोळे मिटले. बराच वेळ गेला. मग त्यांनी तेलुगूत शब्दन् शब्द तसाच सांगितला आणि वर अदबीनं जोडलं, "खुर्ची म्हणजे आपली ही, सारू."

गंमत म्हणजे त्या माळ्याचा कागद त्याच दिवशी सहीसकट हातात पडला. ही बातमी गावोगाव गेली आणि लोक मुद्दाम मामांनाच शोधत येऊ लागले. पण मामांची गाळणी दोन्ही बाजूंनी फाटली होती. "साहेब म्हणते, तू रेडा हायेस," असं त्यांनी एका पाटलाला ऐकवलं, तेव्हा प्रकरण हातघाईवर आलं.

साहेबांनी निष्कर्ष काढला : हा माणूस गुडुंबा, म्हणजे आमच्याकडची गावठी दारू, पिऊन कामावर येतो. चाल, जीभ आणि पायजमा, तिन्ही पुरावे समोर होते. मामांच्या हातात नोटीस पडली. आरोप शाबीत झाला तर नोकरी जाणार, तीस वर्षांची सेवा मातीत आणि वर दारुड्याचा शिक्का. ज्या माणसानं जन्मात थेंब तोंडाला लावला नव्हता, लग्नात पिणारे एका टोकाला बसले की जो दुसऱ्या टोकाला पान मांडायचा, त्याच्या नशिबी हे आलं.

मामी आणि मी त्यांना नागपूरला घेऊन गेलो. डॉक्टरांनी मेंदूचा फोटो काढला. मामी भाजीचा मळा करणारी, म्हणून त्यांनी तिला तिच्याच भाषेत समजावलं. मेंदूतल्या रक्ताचे मोठे पाट चालू आहेत, पण वाफ्यावाफ्यांत पाणी नेणारे बारीक दांड बुजत आलेत. रक्तदाब वर्षानुवर्षं वाढलेला, गोळी घेतली ती फक्त डोकं दुखेल तेव्हा. आठवणी जागच्या जागी आहेत, पण एका वाफ्यातून दुसऱ्यात जायला वेळ लागतो. कशानंतर काय करायचं, काय बोलायचं, काय गिळायचं, हे आता त्यांना जमणार नाही.

मामीनं एकच विचारलं, "मंग हे दारूचं नाई ना?"

"अजिबात नाही."

ती दवाखान्याच्या पायरीवर बसून आनंदानं हसली. "वाचलो जी!" नवऱ्याचा मेंदू वाळत चालला होता आणि ही बाई खूश होती. त्या दिवशी मला ती खुळी वाटली. आता वाटत नाही.

मी डॉक्टरांचा कागद फायलीला लावला. साहेब म्हणाले, असले कागद कुठंही मिळतात, बायकोला बोलव, तिलाच विचारतो. मामी आली. दुभाषा म्हणून मी पुढं झालो, तर तिनं हातानंच मागं सारलं. "तू लाजशीन. हेच सांगतीन." मग मामांना म्हणाली, "मी बोलते, तुमी गाळून सांगा."

आणि तिनं तोंड सोडलं. "त्या भोपळ्याले सांगा, ज्याले पायजम्याची नाडी बांधता येत नाई, तो दारूच्या दुकानापर्यंत जाईन कसा? अन गेला तर वापस येईन कसा?"

मामा साहेबांकडे वळले. "ती म्हणते, त्या भोपळ्याला सांगा. भोपळा म्हणजे आपण, सारू." पुढचंही सगळं सांगितलं आणि शर्ट वर करून दाखवला. "नाडीचं खरं आहे. आज पण तिनंच बांधली."

साहेबांचा गाल उडाला. मामीला तेलुगू कळत नव्हतं, ती आपल्या भरात बोलतच राहिली, फक्त आवाज उतरला.

"तीस वर्सं हे घरी आले का दिवसभराचं सांगत. कोन काय बोललं, यायनं त्याचं काय केलं. हासू हासू पोट दुखे माहं. आता भिताडाकडं पायत बसते. दारू पेत असते तर बरं होतं जी. दारू सोडवता तरी आली असती."

मामांनी डोळे मिटले. आम्ही थांबलो. साहेबही थांबले. मग अर्ज वाचावा तशा सपाट आवाजात मामांनी ते सगळं सांगितलं, शेवटच्या वाक्यासकट.

साहेबांनी डॉक्टरांचा कागद ओढून घेतला आणि पहिल्यांदाच वाचला. मान वर न करता तेलुगूत काही बोलले. आता मामीला हे कोण सांगणार? मी मनातल्या मनात शब्द मऊ करायला लागलो होतो, तोवर मामा तिच्याकडे वळलेही होते.

"साहेब म्हणते, हा पेत नाई, तसं लिवून देतो. साहेब म्हणते, याचं डोकं आता कामाचं राह्यलं नाई. याले घरी ने."

एक शब्द गळला नाही, एक वाढला नाही. त्यांनी चुकावं असं मला फार वाटलं.

मामी म्हणाली, "नाव राह्यलं ना? बस. चाला."

तिनं त्यांच्या दंडाला धरलं. दोघं दारापर्यंत गेली आणि तिथं उंबऱ्याशी मामांचे पाय जमिनीला चिकटले. मामी हळूच म्हणाली, "पाय उचला."

मामा थांबले. मागं वळून साहेबांना त्यांनी तेलुगूत कळवलं, "ती म्हणते, पाय उचला."

टेबलाखाली साहेबांचा उजवा पाय जमिनीवरून वर आला, आणि मामांचा पाय उंबऱ्यापलीकडे पडेपर्यंत तसाच अधांतरी राहिला.