एका दमातले आकडे

"अजून न्हाई."

मैदानाला दोन फेऱ्या मारून पोरं लिंबाखाली बसलेली असायची आणि हवालदार मनगटावरचं घड्याळ बघत उभे. कुणी उठायला लागलं की हेच, "अजून न्हाई." दहा मिनिटं झाली की एकेकाला पुढं बोलवायचे. "मोज. एका दमात." पोरगं एक, दोन, तीन म्हणत जायचं. कुणी बावीसला थांबायचं, कुणी पंचविसाला. बाहेरच्या माणसाला वाटावं, इथं कवायत सोडून उजळणी चाललीय.

एकोणीसशे सत्तरनंतरची ही गोष्ट. आमची शाळा कुंडलच्या अलीकडं, चारी बाजूंनी ऊस. मी विज्ञान शिकवायचो. आमच्या भावकीत बी.एस्सी. झालेला मी पहिला, आणि हे मी कुणी न विचारताही सांगायचो. हवालदार फलटणकडचे. पलटणीत बिगूल वाजवायचे, पेन्शनीत आल्यावर आमच्याकडं कवायत शिकवायला लागले. शिक्षण चौथी. त्यांच्या मोजामोजीला मी हसायचो, हे आता लपवून काय उपयोग?

"सर, पळताना कोन बी दमतंय," ते म्हणायचे. "थांबल्यावर छाती काय बोलती ते ऐकायचं. बिगूलवाल्याला दुसरं काय येतंय?"

ही सवय त्यांना लागली शालनमुळं. आठवीतली पोर. मळ्यातनं अडीच मैल चालत यायची, गणितात पहिली. पळायचं म्हटलं की मात्र मागं. कामचुकार म्हणून हवालदारांनीच तिला एकदा जादा फेरी दिली. तिनं ती पुरी केली, लिंबाखाली बसली, आणि हे पाठ फिरवून निघून गेले. थोड्या वेळानं पोरी ओरडत आल्या. शालन गुडघ्यांवर हात टेकून वाकलेली, खांदे वरखाली होतायत, छातीतनं बारीक शिटी. तासाभरानं ओसरलं. तोवर हवालदार तिच्यासमोर उकिडवे बसून होते. "म्या पळवली," एवढंच म्हणत होते.

असं आणखी दोनदा झालं. तिच्या बापाला ते पटेना. "घरी बेस असती. साळंत आली की नाटकं. नाटकंच करायची तर घरी बसंल."

"नाटक न्हवं ते, आवं," हवालदार म्हणाले. "डाक्टरचा कागद आनला तर ऐकशीला?"

"आना. ऊसतोड सोडून मला येता यायचं न्हाई, तुमीच न्या."

आम्ही दोघं तिला सांगलीला घेऊन गेलो. मी कशाला, तर कागद इंग्रजीत असणार. डॉक्टरांनी छातीला नळी लावली, पाठ ठोकली. "छाती साफ आहे."

"बसल्यावर साफच असती, साहेब. तिला जरा पळवा."

"हा दवाखाना आहे, हवालदार. मैदान नाही."

त्यावर ह्या साठीच्या माणसानं पायातल्या वहाणा काढल्या, पोरीचा हात धरला आणि दवाखान्याच्या आवाराला सहा-सात फेऱ्या मारल्या. दारातले पेशंट बघतच राहिले. परत आले तेव्हा पोरीपेक्षा हेच जास्त धापत होते.

"आधी तुमचीच छाती बघू का?" डॉक्टर हसले आणि नळी घेऊन शालनकडं वळले.

"अजून न्हाई."

डॉक्टरांना असं कुणी सांगत नसावं. तरी ते थांबले. दहा मिनिटांनी हवालदार म्हणाले, "मोज, बाई." शालन अकराला अडकली. डॉक्टरांनी तिच्या पाठीला नळी लावली आणि बराच वेळ काढलीच नाही. मग म्हणाले, "दमाच आहे. पळणं थांबलं की हिच्या श्वासाच्या नळ्या आवळतात. नुसतं बसवून तपासलं असतं तर मला सापडला नसता." हवालदारांनी खाडकन सलाम ठोकला.

संध्याकाळी मळ्यात मी कागद वाचला. बाप खाली बसलेला, मी उभा. पळण्याआधी अर्धा तास गोळी घ्यावी, हे सांगितलं. शेवटची ओळ मी ठसक्यात सांगितली, "श्रम वर्ज्य करावेत."

"वर्ज्य म्हंजे?"

"म्हणजे अजिबात करायचे नाहीत."

बापानं कागद हातात घेऊन उलटसुलट बघितला. मग म्हणाला, "मंग अडीच मैल चालवू कशी? साळा बास."

घरी येऊन कागद पुन्हा वाचला. श्रमाच्या आधी एक शब्द होता, फाजील, म्हणजे प्रमाणाबाहेरचे, अशा अर्थाचा. तो मला येत नव्हता असं नाही. वाक्य सुटसुटीत व्हावं म्हणून मी तो गाळला होता.

दुसऱ्या दिवशी मळ्यात गेलो, चूक कबूल केली. बाप म्हणाला, "सर, काल एक वाचलं, आज एक वाचताय. उद्या काय वाचशीला?" मागं शालन म्हशीपुढं वैरण टाकत होती.

हवालदारांना सांगितलं. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. "आसू दे, सर," म्हणाले. "शिकलेल्या मानसाचं बी व्हतं कवा कवा."

पुढं दर रविवारी ते मळ्यात जायचे. बापाला शाळेचं विचारायचे, तो मान हलवायचा. मग शालनला मोजायला लावायचे आणि परत यायचे. सोमवारी मला आकडा सांगायचे. सोळा. चौदा. दोन वर्षं हे चाललं. मग ते गावी गेले, कायमचे.

त्यानंतर एकदा बांधावर शालन भेटली. डोक्यावर गवताचा भारा. मला बघून तिनं तो खाली टाकला.

"सर, घड्याळ हाय?"

"आहे. मोजतेस?"

"अजून न्हाई, सर."

ती बांधावर बसली. मी उभा राहिलो. बऱ्याच वेळानं तिनं मोजलं आणि नऊला थांबली. श्वास जागेवर आल्यावर म्हणाली, "त्यास्नी कळवा."

मी पोस्टकार्ड टाकलं. खुशाली विचारायचंही सुचलं नाही. लिहिलं एवढंच, "नऊ."

पंधरा दिवसांनी त्यांच्या पुतण्याचं उत्तर आलं. चुलते गेल्या महिन्यात वारले. झोपेत गेले, त्रास झाला नाही. खाली लिहिलं होतं, "आपले कार्ड मिळाले. नऊ म्हणजे काय, ते घरात कोणास समजले नाही. तरी कळवावे."