सुमनची रोजची पुडी

मित्रमैत्रिणींनो, दवाखान्यातून घाईघाईत लिहितोय. चुका सांभाळून घ्या.

आपल्या वर्गातली सुमन, म्हणजे माझी बायको, दवाखान्यात आहे. रोज चहाच्या वेळी मी चौथीतल्या कवितेची पहिली ओळ म्हणतो आणि ती दुसरी म्हणते. आज तिला दुसरी ओळ आठवेचना. "छातीत लई धडधडतंय हो," म्हणाली आणि भिंतीला टेकली.

रक्त तपासलं तर कॅल्शियम भलतंच वाढलेलं. डॉक्टरांनी विचारलं, "आजी, ड जीवनसत्त्वाची पुडी कशी घेत होता?"

"रोज, दुधातून. हृदयाला चांगलं असतंय म्हणं की."

"अहो, ती आठवड्यातून एकदाच घ्यायची! आणि दिली होती हाडांसाठी. जास्त झाली की हृदयाचेच ठोके बिघडतात."

"शाळेत तेल रोजच पाजत होते की," सुमन पुटपुटली.

आठवतंय ना? सत्तरच्या दशकातली आपली सोलापूरची शाळा, माशाच्या तेलाचा तो रोजचा चमचा (त्यातही हेच ड जीवनसत्त्व), आणि तोंडातली तेलाची चव जावी म्हणून बाई आपल्याकडून म्हणून घ्यायच्या त्या कविता. आजवर ही आठवण किती गोड वाटायची! आज तीच महागात पडली.

सलाईन चालू आहे. आजची रात्र जाऊ दे, असं डॉक्टर म्हणतात. तुमच्या घरातल्या बायकांची पुडी रोजची की आठवड्याची, आत्ता उठून बघाल का?

सुमनचा डोळा लागलाय. जागी झाली की मी पहिली ओळ म्हणणार आहे. ती दुसरी म्हणेल ना हो?